शिलाईचा हिशेब: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शिवणकामातून कमाई या विषयावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एकच दुखणं आहे: हात बसलाय, गिऱ्हाईकही येतं, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. म्हणून दराचा प्रश्न सगळ्यात आधी.

प्रश्न: मी घरी ब्लाऊज शिवते. अस्तराच्या ब्लाऊजला २०० रुपये घेते, अस्तर माझंच. रोज पाच तास मशीनवर बसूनही महिन्याला साडेचार हजारांच्या वर जात नाही. दर वाढवला तर बायका शेजारच्या गल्लीत जातील अशी भीती वाटते. दर ठरवायचा कसा?
(एक वाचक, कराड)

उत्तर: ताई, दराचा आकडा ठरवायच्या आधी पुढचे पाच ब्लाऊज घड्याळ समोर ठेवून शिवा आणि प्रत्येक टप्प्याची मिनिटं वहीत लिहा. आपण मशीनवरचा वेळ तेवढा धरतो, बाकीचा सोडून देतो, आणि पैसा तिथेच जातो. हात बसलेल्या बाईला अस्तराच्या साध्या ब्लाऊजला साधारण असा वेळ लागतो: माप, गळ्याचं बोलणं आणि कापड तपासणं १५ मिनिटं, बेतणं-कापणं २५, मशीन ८०, हूक आणि हातशिलाई ३०, इस्त्री-घडी १०. झाली १६० मिनिटं. पाचांतला एक ब्लाऊज ‘जरा सैल करून द्या’ म्हणून परत येतो. त्याची २५ मिनिटं पाचांवर वाटली की प्रत्येकी ५. म्हणजे एका ब्लाऊजला पावणेतीन तास.

आता खर्च. उदाहरणादाखल अस्तराचे ६० धरा; दोरा, हूक, पायपिंगची पट्टी, गळ्याचं कॅनव्हास मिळून २०; वीज, तेल, सुया आणि मशीनच्या दुरुस्तीपोटी २०. हे १०० रुपये तुमच्या घरातून जातात. २०० मधून १०० गेले की पावणेतीन तासांना १०० उरले, म्हणजे तासाला जेमतेम ३६ रुपये. तुमचे साडेचार हजार इथून येतात. तासाला ६० रुपये तरी पडावेत असं तुम्ही ठरवलं, तर १६५ अधिक १००, असा दर २६५ वर जातो. आकडे तुमच्या गावचे घाला, पण हिशेब हाच ठेवा.

गिऱ्हाईक तुटू न देता तिथवर जायची वाट आहे. एक, अस्तर आणि शिलाई वेगळी सांगा. ‘शिलाई २००, अस्तर-सामान ८०’ असं म्हटलं की शिलाईचा दर जुनाच राहतो आणि अस्तराचे पैसे कुणाला टोचत नाहीत, कारण दुकानात अस्तराचा भाव प्रत्येकीला माहीत असतो. दोन, कटोरी, प्रिन्सेस कट, पॅड, दोरी-लटकन, पायपिंग यांचे दर कागदावर लिहून भिंतीला लावा. तोंडी सांगितलेल्या दरावर घासाघीस होते, लिहिलेल्यावर फारशी होत नाही. तीन, नवा दर लग्नसराईच्या ऐन मध्यात लावू नका. पाडव्याला किंवा दिवाळी उरकल्यावर लावा, आणि जुन्या गिऱ्हाइकांना महिनाभर आधी सांगा.

वेळ वाचवायला काम गटाने करा. चार ब्लाऊज एका बैठकीत कापले की टेबल आवरणं, खडू-पट्टी शोधणं एकदाच होतं. लाल-मरून रंगाचे सगळे ओळीने शिवले की रीळ आणि बॉबिन सारखी बदलावी लागत नाही. हूक लावायचं काम घराजवळच्या एखाद्या मुलीला नगाला २० रुपयांनी दिलं, तर तुमचा अर्धा तास सुटतो. मात्र त्या अर्ध्या तासात शिवायला दुसरं काम शिल्लक असेल तरच द्या. काम नसताना हूक बाहेर दिले तर ते २० रुपये तुमच्याच खिशातले.

पावतीपुस्तक ठेवाच. माप, गळ्याचं चित्र, द्यायची तारीख आणि निम्मी रक्कम आगाऊ. तारीख पाळणारी शिवणारीण बायका सोडत नाहीत, २० रुपये जास्त पडले तरी.

प्रश्न: मागचा गळा खोल ठेवला की खांदा घसरतो आणि पुढे मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडते तिथे, चुणी पडते. मी मापाच्या ब्लाऊजवरूनच कापते, तरी असं का होतं?
(एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर: मापाच्या ब्लाऊजवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. तो वर्षभर धुतलेला असतो, बाजूची शिवण बाईने स्वतः उसवलेली असते, किंवा त्याचाही खांदा घसरतच असतो. ब्लाऊज हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारा, ‘हा कुठे खटकतो?’ हूक लावून तो टेबलावर सपाट पसरा आणि छाती एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत मोजा. नवं गिऱ्हाईक असेल तर अंगावरचंही माप घ्या: छाती, कंबर, उंची, खांदा, मुंढा, दंडघेर आणि खांद्यापासून टक्सच्या (छातीला आकार यावा म्हणून शिवलेल्या चुणीच्या) टोकापर्यंतचं अंतर. हे शेवटचं माप पुष्कळ जणी घेत नाहीत, आणि टक्स वर-खाली बसतात ते त्यामुळेच.

आता खांदा. मागचा गळा उथळ असतो तेव्हा पाठीवरचं कापड दोन्ही खांदे एकमेकांकडे ओढून धरतं. गळा ८ इंचांच्या खाली गेला की ती पकड जाते. म्हणून अशा ब्लाऊजला पूर्ण खांद्याच्या मापातून अर्धा ते पाऊण इंच कमी करूनच बेता. गळ्याची रुंदीही आवरती ठेवा. ३६ छातीला घडीपासून अडीच इंच पुरते. रुंद आणि खोल असा गळा हवा असेल तर दोरी लावल्याशिवाय तो टिकणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

दुसरं कारण कापडात आहे. गळ्याची गोलाई उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपी, जाते आणि उरेब कापड हाताळताना ताणतं. कापलेला भाग उचलला, खुंटीला टांगला, की गळा पाव-अर्धा इंच वाढलाच. म्हणून कापल्या कापल्या काठापासून एक सूत आत साधी टीप मारून घ्या. पायपिंगची पट्टी गोलाईवर लावताना पट्टी किंचित ताणून धरा, ब्लाऊज ताणू नका. उलट झालं, म्हणजे पट्टी सैल आणि ब्लाऊज ताणलेला, की गळा पाठीवर उभा राहतो.

मुंढ्याची चुणी कशाने पडते ते अंगावर घालूनच कळतं. चुणी सैल असेल, चिमटीत धरता येत असेल आणि तिचं टोक छातीकडे जात असेल, तर जादा कापड तिथे आहे. मुंढ्यातून छातीकडे पाव इंचाचा टक्स घ्या, चुणी जाते. चुणी ताणलेली असेल, हात पुढे केला की ओढत असेल, तर पुढचा मुंढा पुरेसा खोदलेला नाही. मागच्यापेक्षा पुढचा मुंढा साधारण अर्धा इंच जास्त आत कापायचा असतो. दोन्ही भाग एकावर एक ठेवून सारखे कापले की हा दोष हमखास येतो. तिसरी शक्यता साधी आहे: बाह्या उलटसुलट लागल्या. बाही कापतानाच पुढच्या बाजूला कात्रीने छोटी खूण करा.

रुबियाचं अस्तर न भिजवता शिवणं ही मोठी चूक. पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं रेशमी किंवा पॉलिस्टर कापड आटत नाही, आणि सगळा ब्लाऊज आतून खेचल्यासारखा दिसतो. अस्तर अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, किंचित ओलं असतानाच इस्त्री करा. आठवड्याचं अस्तर एकदमच भिजवून ठेवलं तर खोळंबा होत नाही.

बाजूला दीड इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, सोडा आणि पाव-पाव इंचावर तीन टिपा मारा. पुढे बाईला सैल करायचा झाला तर ती घरी एक टीप उसवते. तुमच्याकडे परत येणाऱ्या कामातलं बरंचसं एवढ्याने थांबेल.

प्रश्न: घरी जुनी काळी पायमशीन आहे. टीप सुटते, खाली दोऱ्याची जाळी होते. नवी जुकी (कारखान्यात असते तशी वेगवान मोटरची मशीन) घ्यावी का?
(एक वाचक, कोरेगाव)

उत्तर: तुम्ही लिहिलेले दोन्ही दोष मशीन बदलण्याचे नाहीत. आधी १० रुपयांची सुई बदला. टीप सुटण्याचं कारण बहुधा तीच असते: टोक बोथट, किंचित वाकलेली, पूर्ण वर न सरकवलेली किंवा फिरवून बसवलेली. सुईची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवता त्याच बाजूला यायला हवी. तलम रेशीम-जॉर्जेटला ११ नंबर, सुती आणि अस्तराच्या ब्लाऊजला १४, जीन्सला १६ किंवा १८. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो, जुकीच्या सुईचा पूर्ण गोल. एकीची सुई दुसरीला चालत नाही.

जाळी खाली दिसते तेव्हा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. दाबाचा पाय खाली सोडून दोरा ओवला की तो टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. पाय वर करून पुन्हा ओवा, मग टेन्शन थोडं घट्ट करा. वरच्या अंगाला गाठी दिसल्या तर उलट, बॉबिन केसचा छोटा स्क्रू पाव फेरा घट्ट करा. त्याहून जास्त एका वेळी फिरवू नका. दातांवरची पट्टी काढून खाली साचलेली कापडाची लव टोकदार काडीने काढा. तेल मशीनचंच घाला. खोबरेल किंवा खायचं तेल काही दिवसांत चिकट होऊन मशीन जड करतं, आणि मग आपण पायाने जोर लावत बसतो.

जुकी कधी घ्यावी? रोज चार तासांच्या वर सलग शिलाई असेल, किंवा गणवेश-गाऊनसारखं लांब टिपांचं काम मिळत असेल तेव्हा. ब्लाऊजच्या ८० मिनिटांत खरी मशीन पळते तो वेळ थोडाच असतो, बाकी जुळवणं आणि वळवणं. त्यामुळे वेगवान मशीनने ब्लाऊज निम्म्या वेळात होत नाही. घेतलीत तर सर्व्हो मोटरचीच घ्या. जुनी क्लच मोटर बटण चालू केल्यापासून गरगरत राहते, सर्व्हो पाय दाबला तेव्हाच वीज ओढते आणि वेगही आवरता येतो. तळातल्या टाकीत तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. ते काळं पडलं की बदला. टेबल-मोटरसह किंमत २० हजारांच्या पुढे जाते. तुमचं काम अजून सुरू व्हायचं असेल, तर पहिला खर्च पायमशीनला मोटर बसवण्याचा आणि दुसरा ओव्हरलॉकचा (कापडाची कड सुटू नये म्हणून ती दोऱ्याने बांधणाऱ्या मशीनचा) करा. कापडाची कड ओव्हरलॉक केलेली असली की शिलाईचा दर वाढवून मागता येतो.

प्रश्न: आमच्या बचत गटात आठ जणी शिवतात. दोन शाळांच्या २४० गणवेशांचं काम मिळण्याची शक्यता आहे. प्रत्येकी ३०० रुपयांत कापडासह द्यायचे. परवडेल का? किती दिवस मागावेत?
(एक वाचक, विटा)

उत्तर: समग्र शिक्षा योजनेत मुलामागे दोन गणवेशांना ६०० रुपये धरलेले असतात, तुमचे ३०० त्यातूनच येतात. २०२५-२६ पासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली आहे. म्हणजे तुमचा व्यवहार मुख्याध्यापक आणि समितीशी. तोंडी शब्दावर कापड उचलू नका. संख्या, दर, तारीख आणि पैसे कधी मिळणार हे लिहिलेला कार्यादेश आधी हातात घ्या.

परवडण्याचं गणित असं. शर्टाला ५० मिनिटं आणि हाफ पँटला किंवा स्कर्टला ४० धरली तर एका जोडाला दीड तास. २४० जोडांना ३६० तास, आठ जणींत प्रत्येकी ४५. घरचं सांभाळून रोज चार तास खरं काम होतं असं धरलं तर १२ दिवस. पहिले ४० जोड हात बसेपर्यंत दुप्पट वेळ खातात, शेवटी काज-बटण आणि इस्त्रीला चार दिवस जातात. म्हणून २० दिवसांच्या आत कबूल होऊ नका, आणि मापं मे संपायच्या आत घ्या, कारण शाळा जूनच्या मध्यावर उघडते.

एकूण येणार ७२,००० रुपये. कापड, बटणं, चेन, इलॅस्टिक आणि दोरा मिळून जोडाला १९० पडले, काज पाडायला १० आणि ने-आण व इस्त्रीला १०, तर २१० × २४० म्हणजे ५०,४०० खर्च. उरले २१,६००, तासाला बरोबर ६०. कापड जोडामागे २० रुपयांनी महाग पडलं तर हेच तासाला ४७ वर येतं. सगळा नफा कापडाच्या खरेदीत आहे, म्हणून विट्याच्या मागवाल्यांकडे आणि इचलकरंजीत असे दोन्हीकडे भाव काढा आणि पूर्ण ताक्यांचा दर मागा.

किती कापड लागेल हे दुकानदाराला विचारू नका. कागदाचे साचे करा, जमिनीवर खडूने ५८ इंच पन्ह्याची (कापडाच्या रुंदीची) पट्टी आखा, एक मोठं आणि एक लहान माप शेजारी मांडून बघा. मोठ्याच्या मुंढ्याच्या खोबणीत लहानाचा खिसा-कॉलर बसतात. मांडणी झाली की लांबी मोजा, संख्येने गुणा आणि थोडं जास्त धरा, कारण प्रत्येक ताक्याच्या शेवटी तुकडा उरतो.

कापड कापण्याआधी त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून तुकडा धुवून वाळवा. ५० चे ४९ झाले तर आट २ टक्के. २४ इंचांचा शर्ट अर्धा इंच आखूड होणार. तेवढी लांबी आधीच वाढवा. दोन ताक्यांचा रंग दुकानाच्या दिव्यात सारखा दिसतो आणि उन्हात वेगळा. एका शर्टाचे सगळे भाग एकाच ताक्यातले असले पाहिजेत. कापल्यावर प्रत्येक गठ्ठ्याला ताक्याचा नंबर आणि माप लिहिलेली चिठ्ठी टाचा. कात्रीने एका वेळी चार-सहा थरांपेक्षा जास्त कापू नका. खालचा थर सरकतो आणि तळातले शर्ट एका बाजूने लहान निघतात.

प्रत्येकीने पूर्ण शर्ट शिवायचा नाही. दोघी कॉलर आणि पट्टी, एक खिसे, दोघी जोडणी, एक बाह्या, एक ओव्हरलॉक, एक दोरे कापणं आणि तपासणी. कॉलर सगळ्यात सफाईदार हाताकडे द्या, गणवेश तपासणारा माणूस पहिल्यांदा कॉलरची टोकंच बघतो. पँटच्या आणि स्कर्टच्या खाली दोन इंच दुमड ठेवा. मुलं वर्षात वाढतात आणि आया ही दुमड लक्षात ठेवतात.

प्रश्न: मी मिरजेत राहते. तंबोरा-सतारीच्या गवसण्या (वाद्यावर घालायच्या खोळी) शिवायचं काम मिळू शकतं. शिकवायला कोणी नाही. कसं करावं?
(एक वाचक, मिरज)

उत्तर: हे काम जरूर घ्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, वाद्यं दूरवर जातात आणि प्रत्येकाला गवसणी लागतेच. ब्लाऊजसारखी त्यात पन्नास जणींची स्पर्धा नाही.

दोन प्रकार आहेत. घरात धूळ बसू नये म्हणून सुती कापडाची, तोंडाला नाडी असलेली साधी गवसणी. ही तुम्ही आजच शिवू शकाल. दुसरी प्रवासाची, फोमची. तिला मापं अशी घ्या: एकूण लांबी, भोपळ्याचा सर्वांत मोठा घेर, भोपळ्याची खोली, दांडीची रुंदी, आणि खुंट्या बाहेर किती येतात. तंबोऱ्याच्या दोन खुंट्या वर आणि दोन बाजूंना असतात, त्यामुळे वरच्या टोकाला रुंदी सोडावी लागते. घोडीची, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची, उंचीही मोजा. तिच्यावर कापड ताणून बसलं तर प्रवासात दाब येतो आणि जवारी (तारेचा आवाज घुमावा म्हणून घोडीच्या माथ्याला दिलेली घडण) बिघडते. तिथे फोमचा जाड तुकडा घोडीच्या दोन्ही अंगांना लावा, वर नको.

बाहेर बॅगेचं जाड कापड, मध्ये १० मिलिमीटर फोम, आत मऊ फ्लॅनेल. फोम कापडापेक्षा सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर लहान कापा, म्हणजे शिवणीत फक्त कापड येतं. फोम शिवणीत गेला की चार थर होतात, मशीन अडते, सुई मोडते. १८ नंबरची सुई, नायलॉनचा दोरा, टीप लांब: इंचाला सात टाके. घरगुती मशीनवर सपाट भाग होतील, पण पट्टे आणि चेन जोडणारे सांधे बॅगवाल्यांच्या जाड कामाच्या मशीनवरच मारून घ्या.

चेन ८ नंबरची. चेनच्या आतल्या बाजूने दोन इंचांची फ्लॅनेलची पट्टी पूर्ण लांबीला लावा. ती नसली की धातूचा रनर वर-खाली होताना दांडीच्या पॉलिशवर बारीक रेघ ओढतो, आणि वाद्य बनवणारा पुन्हा तुम्हाला काम देत नाही. पट्टा दीड इंची, टोकाला चौकोन आणि त्यात फुली अशी टीप. वजन भोपळ्याकडे असतं, त्यामुळे मूठ मधोमध लावली तर उचलताना वाद्य खाली कलतं. वाद्य दोन बोटांवर तोलून धरा. जिथे तोल राहतो तिथे मूठ.

पहिली गवसणी एखाद्या कारागिराच्या वाद्यावर घालून दाखवा, त्याच्या सांगण्यावरून सुधारा, मग साचे पुठ्ठ्यावर उतरवून ठेवा. तंबोरे पुरुषी आणि बायकी वेगळ्या मापाचे येतात. दोन्हींचे साचे हवेत.

प्रश्न: ‘मोफत शिलाई मशीन’ म्हणून फोन येतात, नोंदणीचे पैसे मागतात. खरं काय आहे?
(एक वाचक, दहिवडी)

उत्तर: पैसे देऊ नका आणि ओटीपी तर मुळीच नको. शिंप्यांसाठी खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. १८ कारागिरींत शिवणकाम आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर. हातात रोख मिळत नाही. पुढे तारणाशिवाय ५ टक्के व्याजाने आधी १ लाख (१८ महिन्यांत फेड) आणि मग २ लाख (३० महिन्यांत फेड) कर्ज. कुटुंबातल्या एकालाच लाभ, आणि तुम्ही हे काम आधीपासून करत असायला हवं. नोंदणी फुकट, सीएससी केंद्रात (गावातल्या सरकारी ऑनलाइन सेवा केंद्रात) अंगठा देऊन, पडताळणी ग्रामपंचायतीत. सध्या शिंपीकामाचे अर्ज घेतले जात आहेत का हे केंद्रात विचारूनच कागदपत्रं जमवा.

काही वर्षी जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभागही मशीन देतो, चौकशी पंचायत समितीत. शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण) केंद्रात मोफत वर्ग असतात. तुमच्या माण तालुक्यातच म्हसवडला १९९७ पासून महिलांची माणदेशी बँक आहे, छोट्या कर्जाची चौकशी तिथेही करा. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचेही पैसे मागणारे भेटतात. मोजकी माणसं असलेल्या छोट्या दुकानाला २०१७ च्या कायद्याप्रमाणे शॉप अ‍ॅक्टची फक्त सूचना द्यावी लागते.

प्रश्न: फॉल-पिकोपासून सुरुवात करते आहे. फॉल लावल्यावर साडीचा खालचा काठ गोळा होतो. काय चुकतं?
(एक वाचक, वाई)

उत्तर: फॉल भिजवलेला नाही, किंवा लावताना ताणला गेला. फॉल कोमट पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. रंग जातो का तेही तेव्हाच कळतं. पांढऱ्या साडीवर उतरलेला रंग पुन्हा निघत नाही. साडी मांडीवर न घेता टेबलावर किंवा सतरंजीवर सपाट पसरा. खोचायच्या टोकापासून एक वीत सोडून सुरुवात करा. फॉलचं टोक अर्धा इंच आत दुमडा, खालचा काठ साडीच्या काठाला तंतोतंत जुळवा आणि दर वीतभर अंतरावर टाचणी लावा. फॉल साडीपेक्षा केसभर सैल राहिला पाहिजे.

खालची बाजू मशीनने मारणार असाल तर टीप लांब, टेन्शन सैल, आणि बॉबिनला फॉलचा नव्हे तर काठाचा रंग, जर साडीची सुलट बाजू खाली असेल. वरची बाजू हातानेच: सुईवर साडीचा एकच धागा घ्या, दोरा ओढून घट्ट करू नका, आणि दर हातभर अंतरावर एक गाठ द्या. मध्ये दोरा तुटला तर तेवढाच भाग उसवतो. पैठणी आणि कांजीवरमला दोन्ही बाजू हाताने लावा, आणि त्याचे पैसे वेगळे सांगा.